केसरबाईची उलटतपासणी

"म्हातारीला एकही प्रश्न विचारायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कबूल असेल तर वकीलपत्रावर सही करतो. नसेल तर तसं सांगा, चहा संपवून उठतो."

"चहा सावकाश घ्या," मी म्हणाले. "आणि म्हातारी कोणती, ते आधी सांगा. इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या गोष्टीत एक म्हातारी असते, आणि प्रत्येकाला तिच्यापासून सुटका हवी असते."

ते हसले नाहीत. कप बशीत ठेवला, बशी टेबलाच्या मध्यावर सरकवली, आणि पुन्हा म्हणाले, "केसरबाई. देवानंदची आई."

डॉ. प्रल्हाद चिंचमलातपुरे. सावरटेंभीच्या ग्रामीण रुग्णालयाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर बाकीच्या जागा रिकाम्या आणि हे एकटे भरलेले. एवढं लांब आडनाव उच्चारायला गावाला सवड नव्हती. गावानं शेपूट तेवढं ठेवलं आणि 'पुरे डॉक्टर' करून टाकलं. माणूस बुटका, चेहरा शाळामास्तरासारखा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. माझे वडील अडत दुकानात मुनीम होते. ते सांगायचे, समोरचा काय बोलतो ते कोणीही ऐकतं, तू तो काय वगळतो ते बघ. त्या शिकवणुकीवर माझी वकिली बरी चालली होती. पण हा माणूस काहीच वगळत नव्हता, आणि तीच माझी अडचण होती.

देवानंद खिराडे हा ट्रॅक्टर चालवणारा तरुण. त्याची बायको रेणुका बाळंतपणात गेली, पुरे डॉक्टरांच्याच दवाखान्यात. मुलगी वाचली. देवानंदनं डॉक्टरांवर आणि सरकारवर भरपाईचा दावा लावला होता. म्हणणं एवढंच, की रेणुकाच्या अंगात रक्त कमी होतं, त्या दवाखान्यात रक्त मिळत नव्हतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, तरी त्यांनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं नाही. ठेवून घेतलं.

"का ठेवून घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं."

"हे उत्तर देवळात चालतं डॉक्टर, कोर्टात नाही."

मग त्यांनी सांगितलं. रेणुकाला तपासलं तेव्हाच त्यांनी पुढं पाठवायचं ठरवलं होतं. रुग्णालयाची गाडी दारात लावली होती. नर्सनं सलाईन धरली होती. आणि केसरबाई दारात आडवी झाली. तिची स्वतःची लेक अशीच एकदा जिल्ह्याला नेली होती, ती चादरीत गुंडाळून परत आली. केसरबाईनं डॉक्टरांचे पाय धरले. म्हणाली, तठी नका पाठवू, तठी माही पोरगी गिळली. तुमच्या हाताले गुन आहे. तुमीच सोडवा.

"अन् तुम्ही ऐकलं."

"तिला समजावत राहिलो. तेवढ्यात रस्त्यावरचा अपघात आला, एकाचा पाय चेंदा झालेला. दारात उभी असलेली गाडी त्याला घेऊन गेली. मग कळा वाढल्या. मुलगी छान झाली, रडली. रक्त थांबलं नाही. भाड्याची जीप मिळेपर्यंत..." त्यांनी बशी पुन्हा जवळ ओढली. "वाटेत गेली."

"म्हातारीनं नकार दिला, तो लिहून घेतला का? अंगठा?"

"सगळं नीट होणार होतं ना वकीलबाई. नीट होणार असलं की कोण कागद करतं?"

"देवानंदला हे ठाऊक आहे?"

"तो तेव्हा ट्रॅक्टर घेऊन परमुलखात होता. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईला त्यानं विचारलं, तिकडं काहून नाही नेली? ती म्हणाली, डॉक्टरनं ठेवून घेतली."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्यावरचा सगळा दावा त्या बाईच्या एका वाक्यावर उभा आहे. ते वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं तिच्या तोंडून काढलं की तुम्ही सुटलात. आणि तुम्ही म्हणता, तिला विचारू नका."

"मुलगी अडीच वर्षांची आहे," डॉक्टर म्हणाले. "परी म्हणतात तिला. तिचं सगळं केसरबाई करते. बाप आठ महिने बाहेर. दुसरं कोणी नाही घरात. देवानंदचा बायकोवर फार जीव होता. त्याला हे कळलं, तर तो आईला उंबऱ्यात उभी करणार नाही. मी ओळखतो त्याला, लहानपणी त्याचा हात मीच बसवलाय. मग ती पोर कोणाजवळ राहील?"

"आणि तुमची नोकरी? तुमचं नाव?"

"नाव लांब आहे," ते म्हणाले. "थोडं गेलं तरी चालेल."

पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला, आणि तो मला मुळीच आवडला नाही. पण वकीलपत्र मी घेतलं. मनातल्या मनात म्हटलं, पक्षकार अटी घालतात, मग तारखा पडतात, मग अटी विरघळतात. आजवर एकही अट न विरघळलेली पाहिली नव्हती.

अशा दाव्यात कायदा काय म्हणतो, ते मी देवानंदच्या वयाच्या कितीतरी माणसांना समजावलं आहे, आणि प्रत्येकाचा चेहरा पडलेला पाहिला आहे. कायद्याला देवमाणूस नको असतो. कायदा एक साधारण डॉक्टर मनात उभा करतो. ना फार हुशार, ना ढ. त्याला त्याच दवाखान्यात ठेवतो, तेवढीच खाट, तेवढीच औषधं, तोच तुटका दिवा, आणि विचारतो, यानं काय केलं असतं? जिथं रक्त नाही तिथं रक्त दिलं नाही म्हणून डॉक्टर दोषी होत नाही. जिथं भूल देणारा नाही तिथं पोट फाडलं नाही म्हणूनही नाही. मग खेड्यातल्या डॉक्टरकडून कायद्याला हवं तरी काय? एवढंच, की आपल्याच्यानं होणार नाही हे त्याला वेळेत कळावं, आणि कळलं की त्यानं वेळेत पुढं पाठवावं. तिथं पाठवणं हाच उपचार.

सरकारी वकिलांनी तर आधीच अंग काढून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, पुढं पाठवण्याचे नियम आमचे आहेत, डॉक्टरांनी पाळले नसतील तर ते जाणोत. रिकाम्या जागांबद्दल त्यांच्या जबाबात एक ओळ नव्हती.

दवाखाना डोळ्यांनी पाहावा म्हणून मी एकदा सकाळीच सावरटेंभीला गेले. व्हरांड्यात ही गर्दी. दोन तालुके ओलांडून आलेली माणसं होती. माझ्या पुढं एक म्हातारा बसला होता, धोतर स्वच्छ, हातात गोळ्यांची पाकिटं. मी म्हटलं, "बाबा, औषध तर आहे तुमच्याजवळ, मग रांगेत कशाला?"

"औषध अकोल्याच्या मोठ्या डाक्टरचं आहे," तो म्हणाला. "लई शिकेल माणूस. पन हाताले गुन नाई त्याच्या. म्हनून म्हनलं, पुरे डाक्टरचा हात लावून घ्यावा गोळ्याईले."

"आणि डॉक्टर लावतात?"

"लावतात न. पयले रागावतात, मंग लावतात."

मी दारातून पाहिलं. डॉक्टर खरोखरच रागावले. "अहो आजोबा, ह्या गोळ्या कारखान्यात बनतात, माझ्या हातात काय आहे?" असं म्हणत म्हणत पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं. म्हातारा पाकिटाला कपाळ लावून निघून गेला. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि ते जरा लाजले.

"रोजचं आहे," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर गोळ्या खात नाहीत. हात लावला तर निदान खातात."

"हिशेब बरोबर आहे," मी म्हणाले. "नफा दोन्ही बाजूंना."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग पुढच्या माणसाला हाक मारली.

तेवढ्यात रांगेच्या शेवटी एक बाई येऊन उभी राहिली. हिरवट लुगडं, कपाळावर गोंदण, कडेवर नाक वाहणारी पोर. रांगेतल्या बाया आपोआप सरकल्या, तिला पुढं केलं, आणि मग एकमेकींकडं पाहून गप्प झाल्या. ते गप्प होणं बघून मी ओळखलं.

"केसरबाई ना?"

"होय. तुमी कोन?"

"वकील."

"कोनाच्या?"

"डॉक्टरांच्या."

वाटलं, आता बाई तोंड फिरवील. तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मला खालून वरपर्यंत पाहिलं, बाजारात शेळी पाहावी तसं. "चांगल्या वकील हाय ना? माह्या पोरानं जो वकील केला, तो लई बोलते. अन् तुमी त बारक्या दिसता."

"आवाज मोठा आहे," मी म्हणाले. "पण आजी, तुमच्या मुलानं ज्या डॉक्टरवर दावा लावलाय, त्याच्याकडंच नातीला आणता?"

"मंग काय करू? केस आपल्या जागी, ताप आपल्या जागी." तिनं पोरीचं नाक पदरानं पुसलं. "देवा बाहेरगावी गेला का मी आनतो हिले. त्याले ठाऊक नाई. तुमी सांगसान काय?"

"मी कशाला सांगू?"

"वकील लोक सांगतात, बाप्पा. त्याचीच रोटी खातात."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिचं लगेच विझलं. आत डॉक्टर कोणाच्या तरी पोटावर बोटं वाजवत होते. ती तिकडं पाहत हळूच म्हणाली, "कोर्टात मले उभं करनार हायेत म्हने. तठी काय इचारतात?"

"तुमचा वकील विचारेल ते सोपं असेल. नंतर मी विचारू शकते."

"तुमी काय इचारसान?"

"तुम्हाला विचारावं असं काही आहे का?"

परीनं तिच्या गळ्यातली काळी पोत तोंडात घातली होती, ती तिनं हळूच सोडवून घेतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "असन त इचारा."

भ्याली आहे, असं मी लिहून घेतलं. मनात. माणसं ओळखायचा मला तेव्हा गर्व होता.

साक्षीचा दिवस आला. देवानंदचे वकील राजूरकर हे मोठे रसिक. साक्षीदार रडला की त्यांना अर्धा दावा जिंकल्यासारखं वाटे. म्हणून तर त्यांनी म्हातारीला उभं केलं होतं. तिची गरज नव्हती, तिचे डोळे हवे होते.

मी आदल्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा समजावलं. मी म्हटलं, "म्हातारीला त्यांनीच बोलावलंय. मी तिला कुठूनही ओढून आणलेलं नाही. एकच प्रश्न विचारते. दारात गाडी होती का, एवढाच. पुढचं ती आपणच बोलेल."

"परी कोणाजवळ राहील, ते तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "मग विचारा."

तरी प्रश्न मी तयार ठेवला होता. अट शेवटच्या क्षणाला विरघळते, एवढ्या आशेवर माणूस किती तयारी करतो!

केसरबाई पिंजऱ्यात आली. नवं लुगडं, केसांना तेल, पायांत चपला नाहीत, त्या तिनं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. कोर्टातल्या बायका साधारण अशा येत नाहीत. घाबरलेली बाई जुनं नेसून येते, अंग चोरून. ही देवदर्शनाला आल्यासारखी आली होती. समोरच्या बाकावर देवानंद, मांडीवर परी. मागच्या भिंतीशी डॉक्टर.

तिचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवण्यात आलं. सून सशक्त होती, प्रेमळ होती, डॉक्टरांनी पुढं पाठवलं नाही, ठेवून घेतलं, वगैरे. राजूरकरांनी विचारलं, "आजी, हे सगळं खरं आहे ना?"

"लिहेल त तुमीच हाय," ती म्हणाली. "अंगठा माहा हाय."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. राजूरकरही हसले, पण घाईनं रडण्याकडे वळले. "सुनेची आठवण येते का?"

"येते न. पोळी चांगली करे. मी भांडत जावो तिच्यासंग, मीठ कमी टाकते म्हनून. आता कोनीच कमी टाकत नाई."

देवानंदनं मान खाली घातली. राजूरकरांना हवं होतं ते मिळालं. ते समाधानानं खाली बसले आणि माझ्याकडं पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, "प्रतिवादीतर्फे उलटतपास?"

मी उभी राहिले.

केसरबाई माझ्याकडे पाहत होती. थेट, पापणी न हलवता. कठड्यावर तिचे दोन्ही हात उघडे होते. मी मागं वळले नाही, तरी डॉक्टर कुठं बसलेत ते मला मानेवर कळत होतं. दारात गाडी होती का, आजी? एवढंच. प्रश्न जिभेवर होता, आणि तो सुटला असता तर डॉक्टर त्या खोलीतून सुटले असते. परी बापाच्या शर्टाची गुंडी पिळत होती.

"प्रश्न नाहीत," मी म्हणाले.

राजूरकरांनी भुवया उंचावल्या. शिपाई पुढं झाला, "चला आजी, उतरा."

ती उतरली नाही.

"उतरा आजी, झालं."

"कसं झालं?" ती म्हणाली. "ह्या बाई मले इचारनार होत्या."

"त्यांना नाही विचारायचं."

"दवाखान्यात म्हनल्या होत्या, इचारीन म्हनून. इचारा ना बाई."

आता सगळं कोर्ट हसलं. राजूरकर म्हणाले, "साहेब, उलटतपासासाठी हट्ट धरणारा साक्षीदार मी तीस वर्षांत पाहिला नव्हता." मी हातातल्या कागदांच्या कडा जुळवत राहिले. कागद जुळलेलेच होते.

न्यायाधीश वयस्क होते, भले होते. त्यांनी हात वर करून हसणं थांबवलं. "आजी, तुम्हाला आपणहून काही सांगायचं आहे का? सांगा. कोणी अडवणार नाही."

केसरबाईचं तोंड उघडलं. तेवढ्यात बापाच्या मांडीवरून परीनं दोन्ही हात पुढं केले आणि मोठ्यानं हाक मारली, "आजी! ये ना!" देवानंद तिला गप्प करू लागला, आणि गप्प करता करता त्यानं आईकडं पाहिलं आणि हसला, जसं घरी हसत असेल तसं.

केसरबाईनं तोंड मिटलं. "काई नाई, सायेब," ती म्हणाली. पिंजऱ्यातून उतरली, पोरीला उचललं आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागली.

पुढं डॉक्टरांची साक्ष झाली. राजूरकरांनी त्यांना तोच प्रश्न विचारला जो मी त्यांच्या जागी असते तर विचारला असता. "तुमच्या जागी दुसरा कोणी साधारण डॉक्टर असता, त्यानं काय केलं असतं?"

"पुढं पाठवलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही का नाही पाठवलं?"

मी डोळे मिटून घेतले. सांगायला अजूनही जागा होती. गाडी, अपघात, पाय धरणारी बाई. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी स्वतःला साधारण समजत नव्हतो."

राजूरकरांना वाटलं आपण जिंकलो. न्यायाधीशांनी ते वाक्य स्वतः सांगून लिहून घ्यायला लावलं. बाहेर आल्यावर मी डॉक्टरांवर भडकले. म्हातारीला वाचवायचं होतं, वाचवली, पण स्वतःवर असं खोटं बालंट कशाला?

"खोटं नाही," ते म्हणाले. "म्हातारीनं पाय धरले हे खरं. पण पाय रोज दहा जण धरतात, म्हणून मी थांबतो का? नर्स म्हणत होती, सर, बाईला बाजूला करते, निघू द्या गाडी. मीच म्हटलं, थांब जरा. तुमच्या हाताले गुन आहे म्हणाली ना ती. रेणुकाही खाटेवरून तेच म्हणाली. त्या दोघी इतक्या खात्रीनं बोलत होत्या, वकीलबाई, की मलाही वाटलं, असेल." त्यांनी उजवा हात खिशात घातला. "ऐकायला फार गोड लागतं ते. मग गाडी गेली."

लहान मुलीसाठी आपलं नाव सोडणारा माणूस म्हणून मी त्यांना इतके दिवस पाहत होते. तो हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. त्यांनी काही वगळलेलं नव्हतं. फक्त शेवटी सांगितलं होतं.

निकाल देवानंदच्या बाजूनं लागला. भरपाई सरकारनं आणि डॉक्टरांनी मिळून द्यायची ठरली. निष्काळजीपणा सिद्ध, असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी अपील करायला नकार दिला, राजीनामा पाठवला आणि भावाकडं निघून गेले. सावरटेंभीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर यायला बराच काळ लागला, आणि आला तो पहिल्याच आठवड्यापासून सगळ्यांना पुढं पाठवायला लागला. ताप आला तरी पुढं, काटा रुतला तरी पुढं. त्याच्यावर कुणी कधी दावा लावला नाही.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. मागून कोणी तरी पदर धरला.

"तुमाले ठाऊक होतं," केसरबाई म्हणाली.

मी ओल्या तोंडानंच वळले.

"डाक्टरनं सांगतलं होतं न तुमाले? गाडीचं?"

"हो."

"मंग काहून नाई इचारलं?"

"परीसाठी," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. देवानंदला कळलं असतं तर तुमचं घर गेलं असतं, आजी. डॉक्टरांनी मला अट घातली होती."

ती नळाच्या ओट्यावर बसली. पाणी चालूच होतं. ते तिनं हात लांबवून बंद केलं, आणि मग बोलली.

"मी घरून ठरवून आल्ती, बाई. न्हाऊन आल्ती. म्हनलं, आज इचारतीन, अन् मी सांगीन, अन् देवा मले मारन नाई त हाकलून देईन, काय व्हायचं ते होईन. आपल्या तोंडानं नाई निंघत ते. कितीक बार करून पायलं. तो जेवाले बसते अन् मी म्हनतो, आता सांगू. अन् तो म्हनते, माय, तू होतीस म्हनून माही पोरगी जगली. रोज म्हनते. ताटावर बसला का म्हनते. मंग मी काय सांगू?" तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "कोनी इचारलं असतं त निंघालं असतं. त्या न्यायाधीशानं इचारलं, काई सांगायचं हाय का. तसं नाई निंघत, बाई. गाडी कोनं थांबवली, असं इचारा लागते."

"आजी..."

"डाक्टर चालले न गाव सोडून? माह्यापाई चालले."

"तुमच्यापायी नाही. ते त्यांचंही होतं."

"त्याईचं त्याईनं सांगून टाकलं कोर्टात," ती म्हणाली. "मोकये झाले. माहं राह्यलं."

कोपऱ्यावरून देवानंद आला. खांद्यावर परी झोपलेली. मला पाहून तो थबकला, मग जवळ आला आणि एका हातानं कसाबसा नमस्कार केला.

"वकीलबाई, राग नका मानू. केस केस असते. पन एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमी मायले एक सवाल नाई केला. दुसऱ्या कोनी तिले पिळून काढलं असतं. म्हातारं मानूस, लई सोसलं तिनं. तुमचे उपकार हायेत."

"देवा, चाल," केसरबाई म्हणाली.

"थांब न माय, बोलू दे. तुमच्यासारखी मानसं..."

"चाल म्हनलं ना. जीप निंघन."

ती उठली. त्याच्या खांद्यावरून झोपलेली पोर अलगद आपल्या खांद्यावर घेतली. देवानंदनं आईच्या पायांजवळची पिशवी उचलली, तिच्या पाठीला हात लावून तिला पुढं घातलं, आणि ती दोघं फाटकाकडं चालू लागली. म्हातारी पुढं, लेक मागं, तिला ऊन लागू नये म्हणून आपला रुमाल तिच्या डोक्यावर धरून.